शिकारीची गोष्ट आणि लोकमत

तापी आणि गिरणा यांच्या खोऱ्यांत आज केळीच्या बागा आणि कापसाची शेते दूरवर पसरलेली दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र हा प्रदेश असा नव्हता. लढाया, लूटमार आणि दुष्काळ यांनी अनेक गावे ओस पडली होती. शेते पडीक राहिली, त्यांत झुडपे माजली आणि सातपुड्यातील वाघ थेट मैदानापर्यंत उतरू लागले. १८२२ सालच्या मे, जून व जुलै या तीन महिन्यांत खानदेशात हिंस्र श्वापदांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारली, अशी नोंद या जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. त्या काळी सूर्य मावळला की गावाची वेस बंद होई.

अशा दिवसांत, १८२५ साली, जेम्स आऊट्रम नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी खानदेशात आला. डोंगरातील भिल्लांची एक पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे सोपविले होते. भिल्लांचा इंग्रजांवर विश्वास नव्हता; असण्याचे कारणही नव्हते. पुढे याच पलटणीचे ठाणे धरणगाव येथे झाले.

एके दिवशी टेकडीच्या उतारावर, निवडुंगाच्या जाळीत वाघ असल्याची खबर आली. आऊट्रम पायीच निघाला. त्याच्या सोबत्याचा नेम चुकला आणि डरकाळी फोडून वाघ आऊट्रमवर झेपावला. दोघेही गडगडत उताराखाली आले. क्षणभर वाघाची पकड सुटली. तेवढ्यात आऊट्रमने कमरेचे पिस्तूल काढले आणि वाघास ठार केले. त्याच्या जखमा पाहून भिल्ल हळहळू लागले. तेव्हा, मांजराच्या ओरखड्याने आपले काय बिघडणार, अशा अर्थाचे काही बोलून त्याने त्यांना हसत गप्प केले.

हे बोलणे वाऱ्यासारखे पसरले. त्या काळी या डोंगरात वर्तमानपत्र नव्हते, की नभोवाणी नव्हती. परंतु रात्रीची शेकोटी होती, आठवड्याचा बाजार होता आणि पाणवठा होता. एका पाड्यावरील गोष्ट दुसऱ्या पाड्यावर जाई. भिल्लांच्या तोंडी हा प्रसंग पुढे अनेक वर्षे राहिला. हुकुमाने जे साधले नसते, ते एका गोष्टीने साधले. परक्या अधिकाऱ्याविषयी लोकांचे मत पालटू लागले.

सुमारे दहा वर्षांत आऊट्रमच्या शिकारींत दीडशेहून अधिक वाघ मारले गेले. १८८० साली त्याचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले आणि निवडुंगातल्या त्या वाघाची कथा विलायतेतील वाचकांच्या हाती गेली. शिकारी म्हणजे शूर आणि वाघ म्हणजे वैरी, हे चित्र असल्या पुस्तकांनी ठसविले.

या चित्रात एक गोष्ट मात्र सुटून गेली. वाघाचा माग काढणारे, त्याची खबर आणणारे भिल्ल होते. त्यांची नावे फारशी कोठे लिहिली गेली नाहीत. वाघाविषयी त्यांचे स्वतःचे मतही सरळ नव्हते. गाय मारणाऱ्या वाघाचा त्यांना राग येई, आणि त्याच वाघाला ते देवही मानीत. सातपुड्यातील भिल्ल व पावरा लोक वाघदेवाला पुजीत आले आहेत. भय, राग आणि भक्ती या तिन्ही भावना एकाच मनात नांदत होत्या. पण भिल्लांच्या हाती लेखणी नव्हती. ज्याच्या हाती लेखणी होती, त्याची गोष्ट जगाने ऐकली.

जे खानदेशात घडले, तेच पुढे आफ्रिकेत अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलासह पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले. वॉशिंग्टन येथील संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने गोळा करणे हा त्यांचा एक हेतू होता. त्या मोहिमेत पिता-पुत्रांनी मिळून ५१२ प्राणी टिपले. त्यांत १७ सिंह आणि ११ हत्ती होते. रूझवेल्ट यांचे लेख मासिकातून येत. १९१० साली त्यांचे पुस्तकही निघाले. माजी राष्ट्राध्यक्ष स्वतः सांगत आहेत म्हटल्यावर लोक उत्सुकतेने वाचू लागले. आफ्रिका म्हणजे शिकारीचे रान, ही कल्पना त्यामुळे अनेक वाचकांच्या मनात पक्की झाली.

पुढे काळ बदलला आणि सांगण्याची साधनेही बदलली. बर्नहार्ट ग्रिमेक हे जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. १९५६ पासून ते दूरचित्रवाणीवर वन्य प्राण्यांविषयीचा एक कार्यक्रम सादर करीत आणि घराघरांतील लोक तो पाहत. त्यांनी व त्यांचा मुलगा मिखाएल याने झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीच्या मैदानातील प्राण्यांची गणती केली. जानेवारी १९५९ मध्ये त्या विमानाला गिधाडाची धडक बसून मिखाएलचा मृत्यू झाला. पित्याने दुःख गिळून चित्रपट पूर्ण केला. त्या चित्रपटाला अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिक मिळाले. सेरेंगेटी जगली पाहिजे, असे दूरदेशीचे लोकही म्हणू लागले. ज्या प्राण्यांकडे लोक बंदुकीच्या नळीवरून पाहत होते, त्यांच्याकडे ते आता ममतेने पाहू लागले.

हे कार्य थोर होते, यात शंका नाही. तरी येथेही एक बाजू अंधारात राहिली. राष्ट्रीय उद्यानात माणसाची वस्ती असू नये, असे ग्रिमेक यांचे मत होते. सेरेंगेटीच्या मैदानात मसाई गुराखी पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत आले होते. १९५९ साली उद्यानाच्या नव्या सीमा ठरल्या आणि त्यांना ती भूमी सोडून जावे लागले. चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांच्या मनात त्या गुराख्यांचा विचार आला असेल?

भारतातही लोकमत पालटत होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. खानदेशालगतच्या विदर्भातील मेळघाट हा त्या प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक होय. एकेकाळी वाघ मारणाऱ्यास बक्षीस मिळत असे. आता वाघ मारणे हा गुन्हा ठरला.

अलीकडच्या काळातील एक प्रसंग या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. झिंबाब्वे देशातील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात काळसर आयाळीचा एक डौलदार सिंह होता. त्याचे नाव सेसिल. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात माग दाखविणारा पट्टा बसविला होता. जुलै २०१५ मध्ये एका अमेरिकन शिकाऱ्याने उद्यानाच्या सीमेबाहेर त्याला मारले. या शिकारीसाठी त्याने सुमारे ५०,००० डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा जिमी किमेल या अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदकाने आपल्या कार्यक्रमात सेसिलची कथा सांगितली. सांगता सांगता त्याचा कंठ दाटून आला. सिंहांचा अभ्यास करणाऱ्या त्या संशोधकांना मदत करा, असे आवाहन त्याने केले. हजारो लोकांनी देणग्या पाठविल्या. काही मोठ्या विमान कंपन्यांनी शिकार केलेल्या प्राण्यांची मुंडकी व कातडी वाहून नेण्याचे बंद केले. शेकोटीवरील गोष्ट एका डोंगरात पसरण्यास जेथे महिने लागत, तेथे ही गोष्ट एका रात्रीत जगभर पोहोचली.

त्याच वेळी, झिंबाब्वेत लहानाचा मोठा झालेल्या आणि अमेरिकेत शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याच्या बालपणी गावाभोवती एक सिंह फिरू लागला होता. मुलांना घराबाहेर एकटे जाण्याची भीती वाटे. तो सिंह मारला गेला तेव्हा सारा गाव आनंदाने नाचला, हे त्याने लिहिले. सिंहासाठी रडणाऱ्यांना त्या गावातील माणसांची आठवण का होत नाही, असा त्याच्या लेखाचा आशय होता. एकोणिसाव्या शतकातील खानदेशातील एखाद्या गुराख्याला तो लेख वाचता आला असता, तर त्याने नक्की मान डोलावली असती.

आफ्रिकेतील सर्व देश या बाबतीत एकमताचे नाहीत. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बोट्‌स्वानाने २०१४ साली शिकार थांबविली आणि २०१९ साली परवानगी पुन्हा दिली. हत्तींचे कळप शेते तुडवितात आणि शिकारीच्या परवान्यांतून गावांना उत्पन्न मिळते, असे तेथील शासनाचे म्हणणे होते. आमच्या हत्तींविषयी परदेशी लोकांनी घरी बसून निर्णय घेऊ नयेत, असे सांगताना त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२४ साली जर्मनीला २०,००० हत्ती पाठवून देण्याची भाषा केली होती. उलट, पैशासाठी प्राणी मारू देणे हेच मुळात गैर आहे, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांत आफ्रिकेतील लोकही आहेत.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नाही. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा वनक्षेत्र आहे. तेथील डोलारखेडा गावाच्या परिसरात आजच्या काळातही वाघांचा वावर आढळला आहे. उन्हाळ्यात रान वाळते. पाणी दिलेल्या केळीच्या बागा मात्र थंड व ओल्या असतात. म्हणून वाघ कधी कधी त्या बागांतही येऊन विसावतात. शहरातील माणसाला वाघाचे छायाचित्र पाहून आनंद होतो. केळीला पाणी देण्यासाठी पहाटे एकट्याने बागेत शिरणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटत असेल? आणि एवढे असूनही तो वाघासाठी थोडी जागा सोडतो, याचे मोल किती मोठे आहे!

रानाविषयी बोलणाऱ्याने आधी रानातल्या माणसाचे ऐकावे, याचा एक उत्तम आदर्श मराठीत आहे. सोलापूरला १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. पुस्तकी ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. परंतु पक्ष्यांची, झाडांची आणि प्राण्यांची कित्येक नावे ते आदिवासींकडून शिकले आणि ती त्यांनी मराठी ग्रंथांत आणली. २०२५ साली ते निवर्तले. हजारो वाचकांना त्यांनी जंगलाची ओढ लावली, ती जंगलातील माणसांना न वगळता.

लोकप्रिय माणसाचा शब्द दूरवर जातो. त्या शब्दाने वाघ वाचू शकतो आणि एखादे गाव विस्मृतीतही जाऊ शकते. म्हणून अशी गोष्ट कानी पडली, म्हणजे ती सांगणारा कोठे उभा आहे हे पाहावे. आणि ज्याच्या दारात वाघ येतो, त्याला बोलण्याची संधी मिळाली की नाही, हेही विचारावे. असा शोध घेऊन बनविलेले मतच आपले स्वतःचे मत होय.

शब्दार्थ
वेस – गावाचे प्रवेशद्वार. श्वापद – हिंस्र वन्य पशू. पाडा – आदिवासींची लहान वस्ती. निवेदक – कार्यक्रम सादर करणारा. निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय
१. भिल्लांच्या मनात वाघाविषयी कोणत्या तीन भावना होत्या? त्या एकत्र कशा राहू शकल्या असतील?
२. सेसिलच्या मृत्यूविषयी निवेदकाचे म्हणणे आणि झिंबाब्वेतील विद्यार्थ्याचे म्हणणे यांतील फरक स्पष्ट करा. दोघांच्याही म्हणण्यात तुम्हांस काय पटते?
३. घरातील किंवा गावातील वृद्ध माणसांना वाघ, बिबट्या अथवा लांडगा यांविषयीची एखादी आठवण विचारा आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.