मुक्त आज्ञावली आणि मान्यताप्राप्त यंत्र

बाहेरच्या दोन दूरध्वनी वाहिन्या आणि आत दहा-बारा टेबले असलेल्या कार्यालयात, आलेला दूरध्वनी योग्य टेबलापर्यंत पोचविण्यासाठी अंतर्गत केंद्र लागते. १९९९ साली अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या लहानशा व्यवसायासाठी असे केंद्र परवडेना; तेव्हा त्याने ते संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीच्या रूपाने स्वतःच लिहिले. ‘ॲस्टेरिस्क’ हे तिचे नाव. तिची मूळ संहिता खुली असून ती वापरण्यास, बदलण्यास व इतरांस देण्यास परवान्यानेच मुभा आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शाळा-पंचायतींना ती विनामूल्य उपलब्ध आहे.

आज्ञावली फुकट मिळाली, तरी दूरध्वनीची तार संगणकास थेट जोडता येत नाही. मध्ये कार्ड अथवा ‘गेटवे’ नावाची पेटी लागते. तिच्या ‘एफएक्सओ’ द्वारास बाहेरची वाहिनी आणि ‘एफएक्सएस’ द्वारास टेबलावरचे उपकरण जोडावयाचे असते. ही अदलाबदल झाल्यास घंटीच्या विद्युतदाबाने यंत्र निकामी होऊ शकते.

कायद्याचा संबंध येतो तो येथे. २०१७ साली दुरुस्त झालेल्या नियमांन्वये दूरसंचार उपकरणांची चाचणी व प्रमाणन बंधनकारक झाले. दूरसंचार विभागाचे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र हे प्रमाणपत्र देते. हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे. सदोष पेटीतून घरगुती वीज तारेत उतरली, तर दूर खांबावर काम करणाऱ्या तारवाल्याच्या जिवावर बेतते. म्हणून खरेदीपूर्वी प्रमाणपत्रावरील नमुना क्रमांक पेटीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. परदेशी बनावटीचे स्वस्त कार्ड चालते, एवढे कारण लेखापरीक्षणात पुरेसे ठरणार नाही. सुटे कार्ड बसविण्यापेक्षा प्रमाणित गेटवे घेणे अधिक सोयीचे. संगणक बिघडला तरी तो तसाच राहतो.

जळगाव आणि धुळे येथील दोन कार्यालये इंटरनेटद्वारे जोडून आपसांत बोलणे शक्य आहे. मात्र तिकडून आलेले संभाषण इकडच्या सार्वजनिक वाहिनीत सोडण्यापूर्वी सेवादात्याकडून लेखी खुलासा घ्यावा. परदेशातील संभाषणे परवान्याविना अशी उतरवून घेणे हा गुन्हा आहे. परवलीचा शब्द ‘१२३४’ ठेवणाऱ्यांच्या केंद्रातून अनोळखी लोक रात्रीतून परदेशी बोलतात आणि देयक कार्यालयाच्या नावे येते.

मुक्त आज्ञावलीचा खरा लाभ भाषेत आहे. ‘आपला क्रमांक सत्तावीस’ असे यंत्राने सांगावयाचे तर इंग्रजीत शून्य ते एकोणीस आणि आठ दशक मिळून २८ ध्वनिमुद्रणे शंभराच्या आतील सर्व संख्यांना पुरतात. मराठीत सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस यांची घडण निरनिराळी; तेथे १०० मुद्रणे लागतात. शाळेतील विद्यार्थ्यांच्या आवाजात एका दुपारी हे काम होऊ शकेल. अहिराणीतील स्वागतही त्याच रीतीने भरता येते, त्यासाठी कोणा उत्पादकाची परवानगी लागत नाही.

वीज गेली की संगणक बंद पडतो. जुनी तांब्याची वाहिनी केंद्राच्या विजेवर चालते, फायबरची चालत नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठच्या गावांना वर्दी द्यावयाची असते, तेव्हा संगणक, गेटवे व फायबरची पेटी या तिन्हींना बॅटरीचा आधार हवा. आणि जेथे तांब्याची तार शिल्लक आहे, तेथे एक साधे उपकरण थेट तिलाच जोडलेले असावे.