शिक्षक, संगणक आणि माहितीची पारख

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्यात शिक्षणाची परंपरा त्यांच्या पित्यापासून सुरू झाली. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील नॉर्मल स्कूलमध्ये मुख्याध्यापक होते. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनीही अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि मग १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवावयास सुरुवात केली. मुलांना शिकविण्यापूर्वी शिकविणाऱ्याने शिकले पाहिजे, हा विचार आपल्या चळवळीच्या मुळाशीच आहे. आज वर्गात फळ्याशेजारी संगणक आणि मोबाईल आलेला असताना या शिकविणाऱ्याने काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. यंत्राचे प्रशिक्षण

शैक्षणिक तंत्रज्ञान ही आपल्याकडे अगदी कालची गोष्ट नव्हे. १९७५-७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही कार्यक्रम होते. महाराष्ट्रात १९८४ साली पुणे येथे 'बालचित्रवाणी' ही संस्था शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी उभी राहिली. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली. १९८४-८५ मध्येच देशातील निवडक शाळांत संगणक देण्याची योजना सुरू झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्यांना 'डाएट' म्हणतो त्या, स्थापन झाल्या.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएससीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. शासकीय कर्मचाऱ्यांबरोबर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही संगणक अर्हता मिळविणे आवश्यक झाले. २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्र शासनाने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहानशा गावातील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून केलेल्या कामाची दखल जगाने घेतली आणि २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी काय करू शकतात, याचे हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

२. माहितीची पारख

परंतु यंत्र चालविता येणे आणि यंत्रातून येणारी माहिती पारखता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला 'माहिती साक्षरता' असे नाव आहे. ही संज्ञा १९७४ साली अमेरिकेतील पॉल झुर्कोवस्की यांनी प्रथम वापरली. माहिती कोठे शोधावी, ती कोणी दिली, कशासाठी दिली, खरी की खोटी हे कसे तपासावे आणि तिचा प्रामाणिक उपयोग कसा करावा, इतका तिचा व्याप आहे. युनेस्कोने २०११ मध्ये याविषयीचा एक अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. तो विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर शिक्षकांसाठी होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

या साक्षरतेच्या अभावी काय घडते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, ही अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगावी पसरली होती. तो मजकूर कोणी लिहिला, मूल नेमके कोणाचे पळविले, पोलीस काय म्हणतात, हे तीन प्रश्न कोणी विचारले असते तर पाच जीव वाचले असते. अफवेचा पहिला बळी बहुधा गरीब, परका आणि खालचा समजला जाणारा माणूसच होतो. म्हणूनच माहितीची पारख हा आपल्या समाजाच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

३. कालामांचा प्रश्न

हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी केसपुत्त नगरातील कालामांनी तथागत भगवान बुद्धांना विचारला होता. अंगुत्तर निकायात हा प्रसंग आहे. अनेक उपदेशक येतात, स्वतःचे मत थोर म्हणतात आणि दुसऱ्याचे हीन ठरवितात. आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? तथागतांनी त्यांना स्वतःचे मतही डोळे झाकून घ्यावयास सांगितले नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा, अफवा, ग्रंथाचा आधार, नुसता तर्क, बोलणाऱ्याचा दबदबा, एवढेच काय, हा आपला गुरू आहे ही भावना, यांपैकी कशावरही विसंबू नये. जे स्वतः तपासून अहितकारक वाटेल ते टाकावे व हितकारक वाटेल ते स्वीकारावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. मोबाईलवर आलेल्या प्रत्येक संदेशाला ही कसोटी जशीच्या तशी लागू पडते.

ही कसोटी आपण प्रथम आपल्याच घरात लावली पाहिजे. १४ एप्रिल व ६ डिसेंबरच्या सुमारास बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली त्यांच्या नावाने कितीतरी वाक्ये फिरतात. ती त्यांनी कोठे लिहिली वा म्हटली, हे मात्र खाली नसते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. आरंभीच्या खंडांचे संपादन वसंत मून यांनी परिश्रमपूर्वक केले. हे खंड आता संगणकावरही वाचावयास मिळतात. ज्यांनी आयुष्यभर पुराव्यानिशी लिहिले, त्यांच्या तोंडी बिनपुराव्याचे वाक्य घालणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

४. आपल्या जिल्ह्यात काय करता येईल?

सिंधुदुर्गात वाडीवस्तीवर दोनच शिक्षक असलेल्या लहान शाळा पुष्कळ आहेत. पावसाळ्यात वीज जाते, खाऱ्या हवेने यंत्रे गंजतात. २०२० मध्ये शाळा बंद असताना नेटवर्कसाठी मुलांना सड्यावर, डोंगरावर जावे लागले. अशा ठिकाणी महागड्या यंत्रापेक्षा शिक्षकाची तयार नजर अधिक उपयोगी पडते. केंद्रशाळेत होणाऱ्या शिक्षण परिषदेत पुढील साधे पाठ शिक्षकांकडून करवून घेता येतील.

(अ) वादळाचा पाठ : मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगडच्या किनाऱ्याचे मोठे नुकसान केले. अशा वेळी खऱ्या इशाऱ्याबरोबर जुनी चित्रेही फिरतात. संदेशावर तारीख आहे काय, जागेचे नाव आहे काय, हवामान खात्याचे पत्रक काय सांगते, हे मुलांनी वहीत लिहावे. मच्छीमाराच्या मुलाला या पाठाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.

(आ) शिष्यवृत्तीचा पाठ : महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरला जातो व रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. संकेतस्थळाचा पत्ता शासनाचाच आहे ना, हे पाहण्याची सवय लावावी. बँकेत नोकरी करताना असे दिसते की, 'शिष्यवृत्ती मंजूर झाली' एवढे वाचून पालक आलेली लिंक दाबतात व ओटीपी सांगून बसतात. कोणतीही बँक ओटीपी वा पिन विचारत नाही, हे मुलाने घरी जाऊन सांगितले तरी पुष्कळ साधेल.

(इ) अवतरणाचा पाठ : भाषणात बाबासाहेबांचे वाक्य घेतल्यास विद्यार्थ्याने खंड व पृष्ठ सांगावे. सापडले नाही तर ते वाक्य वगळावे.

हे नुसते स्वप्नरंजन नाही. केरळातील कन्नूर जिल्ह्यात सरकारी शाळांमधून 'सत्यमेव जयते' नावाने खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग २०१८ च्या सुमारास घेण्यात आले. तेथे जमले ते येथेही जमेल.

५. संस्थेचा वाटा

आपल्या समाजात शिक्षक व निवृत्त शिक्षक बरेच आहेत. वर्षावासात गावोगावच्या बुद्धविहारांत धम्मप्रवचने होतात. त्यांपैकी एक रविवार या विषयासाठी द्यावा. विहाराच्या ग्रंथालयात बाबासाहेबांचे खंड, एक शब्दकोश आणि शक्य तेथे एक संगणक असावा. मुंबई शाखेतील शिकलेल्या तरुणांनी मे महिन्यात वा गणपतीच्या सुटीत गावी आल्यावर एक दिवस शिक्षकांसोबत बसावे. त्यांनी यंत्र शिकवावे आणि शिक्षकांनी मुलांना कसे शिकवावे हे सांगावे; दोघांचाही लाभ होईल.

विद्यार्थी मित्रांनो, संदेश पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबून हे कोणी सांगितले व त्याला आधार काय, एवढे विचारा. ज्या शिक्षकाला हा प्रश्न विचारलेला आवडतो, तोच आपला खरा शिक्षक. असे शिक्षक तयार करण्याच्या कामी आपल्या संस्थेने पुढाकार घ्यावा, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!