नवा ड्रायव्हर घेण्याआधी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)

चि. भाचेबुवांस,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला, खालची तक्रारही वाचली. ड्रायव्हर उजवीकडे वळतो, सात नंबरची आयर्न अंधेरीच्या सिम्युलेटरवर दीडशे यार्ड जाते आणि खारघरला सव्वाशेच्या पुढे सरकत नाही, पटरवर तर भरवसाच उरलेला नाही. आणि शेवटी, ‘मामा, पन्नास हजारांचा ड्रायव्हर घेऊ का?’ फोनवर मी ‘नको’ म्हटलं असतं आणि तू तरीही घेतला असतास. म्हणून लिहायला बसलो.

व्हिडिओत तुझे खांदे दिसतात, डोकं दिसतं, मागे कुणी कॉफी पीत उभा आहे तोही दिसतो. चेंडू क्लबच्या फेसवर नेमका कुठे लागला तेवढं मात्र दिसत नाही, आणि मला तेवढंच बघायचं होतं.

माझी सगळी नोकरी माहुलला यंत्रांच्या देखभालीत गेली. पंप थरथरायला लागला की नवखा माणूस बेअरिंग बदलायला धावतो. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा थरथर, कारण मोटर आणि पंप एका रेषेतच नसतात. नवा क्लबही पहिले काही रविवार असाच बरा चालतो. तेव्हा आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तू या महिन्यात पकड बदललीस, चेंडू बदललास, उभं राहण्याची पद्धत बदललीस, आणि आता क्लबही बदलायला निघालास. यातून सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे तुला कळणार नाही.

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. ड्रायव्हरचा फेस जरा ओलसर फडक्याने पुस, त्यावर घामोळ्यांची पावडर भुरभुरव आणि जास्तीची झटकून टाक. एक चेंडू मार. पावडरीत ठसा उमटतो. फोटो काढ, पुसून पुन्हा पावडर लाव, पुढचा चेंडू मार. असे दहाएक फोटो जमले की मला पाठव. हे सरावातच करायचं हं. फेरी खेळताना फेसवर असं काही लावणं नियमात बसत नाही.

ठसे हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला पडत असतील तर निम्मं निदान तिथेच झालं. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. चेंडू हीलवर आदळला की डोकं धक्क्याने फिरतं आणि चेंडूला उलट बाजूची फिरकी बसते. आपल्यासारख्या उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडे वळतो. टोवर, म्हणजे टोकाच्या बाजूला, लागला तर डावीकडे. म्हणजे स्विंग ठीक असूनही असा उजवीकडे वळणारा स्लाइस होऊ शकतो, आणि अशा वेळी स्विंग दुरुस्त करायला गेलास तर चांगलं होतं तेही बिघडेल. हीलवर लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खाली येताना वजन चवड्यांवर जाणं. शरीर चेंडूकडे ढकललं जातं. तुझ्या व्हिडिओत मला तसा संशय येतो, पण ठसे बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

ठसे मधोमध असूनही चेंडू वळत असेल तर प्रश्न फेस आणि वाट यांचा. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेस ज्या दिशेला बघत असतो तिकडे, आणि वळतो तो फेस नि क्लबची वाट यांच्यात जो फरक असेल त्यामुळे. जुन्या शिकवणीत हे उलटं सांगितलेलं सापडेल. रडारची यंत्रं आली तेव्हा ते मोजून खोडलं गेलं. तुझा चेंडू डावीकडे सुटून मग उजवीकडे वळत असेल तर वाट बाहेरून आत येते आहे. सुटतानाच उजवीकडे जाऊन आणखी उजवीकडे पळत असेल तर फेस उघडा आहे. आधी डाव्या हाताची पकड तपास, वरून बघताना दोन तरी गाठी दिसायला हव्यात. आपल्याकडचे बहुतेक रविवारचे खेळाडू काय करतात? चेंडू उजवीकडे जातो म्हणून आणखी डावीकडे तोंड करून उभे राहतात. त्याने वाट आणखी आडवी होते आणि स्लाइस आणखी वाढतो.

इथे क्लबचीही बाजू मांडतो, नाहीतर म्हणशील मामा नेहमी माणसालाच दोष देतो. तुझ्या ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, नऊ अंशांचा आहे. तुझ्या वेगाला साडेदहाचा जास्त मानवेल. लॉफ्ट वाढला की बाजूची फिरकी कमी जाणवते. तुझ्या ड्रायव्हरला मानेशी फिरवायचा स्क्रू आहे, त्यावर अंशभर लॉफ्ट वाढवता येईल. पाना बॅगेतच असेल. शाफ्टवरच्या ‘आर’ आणि ‘एस’ या अक्षरांवर मात्र विसंबू नकोस. त्यांना सगळ्या कंपन्यांसाठी सारखं असं प्रमाणच नाही. एकीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका कडक निघू शकतो.

आता सात नंबर. ही तक्रार मला ड्रायव्हरपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

अंधेरीची चटई तुझी फसवणूक करते आहे. चटईवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी तो घसरून पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. पडद्यावर दीडशेचा आकडा येतो, तू खूश. खारघरला तोच फटका मारलास की क्लब मातीत रुततो आणि चेंडू बिचारा सव्वाशेवर बसतो. पंचवीस यार्डांतले बरेचसे इथेच गेले. काही पावसाने मऊ झालेल्या जमिनीत गेले, कारण चेंडू पडला तिथेच रुततो, घरंगळत नाही. दमट हवेला दोष देऊ नकोस. दमट हवा जड असते असं आपल्याकडे सगळे म्हणतात, पण ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. उंचीने मात्र फरक पडतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हाच फटका दोन-तीन यार्ड जास्त जाईल. तिकडून आलास की लगेच स्वतःवर खूश होऊ नकोस.

मुलुंडच्या फ्लॅटमध्ये करता येईल असा सराव सांगतो. काथ्याचं जाड पायपुसणं घे, त्यावर खडूने एक रेघ मार. चेंडू ठेवू नकोस. पंखा बंद कर, आणि कमरेपर्यंतचाच स्विंग घे. आपल्या घरांच्या छतांना पूर्ण स्विंग परवडत नाही. क्लब रेघेच्या पुढे घासला गेला पाहिजे, मागे नाही. खडू क्लबखाली लागतो, आवाजही वेगळा येतो. ताई ओरडेल, पण रोज दहा मिनिटांचाच प्रश्न आहे. खारघरला गेलास की उखडलेली माती बघ: खड्डा चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू झाला की मागे? हे उत्तर तुला कोणतंही यंत्र इतक्या स्वस्तात देणार नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. तुझ्या बॅगेत पाच, सहा, सात या दाजींच्या जुन्या सेटमधल्या आहेत आणि आठ, नऊ नव्या सेटमधल्या. गेल्या काही दशकांत कंपन्यांनी आयर्नचे लॉफ्ट सरळ करत आणले. तीसेक वर्षांपूर्वीची सात नंबर पस्तीस-छत्तीस अंशांच्या आसपास असायची, आज तीसच्या जवळ येणारीही मिळते. म्हणजे तुझी नवी आठ आणि दाजींची सात जवळजवळ एकच क्लब आहेत! तू सातवर चिडतोस, आणि आठ ‘कमाल जाते’ म्हणून सांगतोस. आकडा क्लबच्या तळाला कोरलेला आहे, चेंडूला तो दिसत नाही. क्लब दुरुस्त करणाऱ्याकडून सगळ्यांचे लॉफ्ट मोजून घे आणि प्रत्येकावर बारीक चिठ्ठी चिकटव. दोन क्लबांमध्ये साधारण चार अंशांचं अंतर ठेवायचं. नियमाने चौदा क्लब नेता येतात, पण चौदा नेलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. तुला दहा पुष्कळ झाले.

त्याच दुकानात लायही, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोनही, तपासून घे. घरी बघायचं असेल तर चेंडूवर मार्करने उभी रेघ काढ, ती फेसकडे करून ठेव आणि मार. रेघेचा ठसा फेसवर सरळ उभा उमटला तर ठीक. तिरपा उमटला तर क्लब जमिनीवर सपाट येत नाही. टो वर राहिला की चेंडू डावीकडे ओढला जातो, हील वर राहिली की उजवीकडे. आणि क्लब जितका जास्त लॉफ्टचा तितका हा परिणाम जास्त. दाजी तुझ्यापेक्षा चांगले चार इंच बुटके. त्यांच्यासाठी वाकवलेले क्लब तुझ्या हातात तसेच चालतील हे मला पटत नाही.

ठशांवरून आठवलं. चेंबूरच्या आपल्या कोर्सच्या भिंतीपलीकडे ज्या वस्त्या आहेत, तिथली पोरं गल्लीत गोल्फ खेळतात हे तुला ठाऊक आहे का? हा आपला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. रिफायनऱ्या आल्या त्या १९५०च्या दशकात, आणि वस्ती दाट होत गेली. अनेक घरांतली माणसं कॅडी म्हणून मैदानावर आली. त्यांची पोरं बांधकामाची सळई टोकाशी वाकवून क्लब करतात, चेंडू प्लास्टिकचा. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, मधे गटार, आणि भोक कुठल्या तरी दाराशी. सळईला ‘चुका पोटात घालणारा’ रुंद फेस नसतो. मधोमध लागली नाही तर चेंडू शेजाऱ्याच्या घरात. या कॅडींमधून काहीजण पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. त्यांच्या गरिबीचं कौतुक करायला मी हे सांगत नाही, चांगला क्लब मिळाला असता तर त्यांनी आनंदाने घेतला असता. पण त्यांच्या हाताला चेंडू कुठे लागला ते न बघता कळतं, आणि तुला ते पावडर लावून शिकायचं आहे. माझ्याबरोबर चेंबूरला येशील तेव्हा कॅडी ‘साहेब, मागे लागला’ म्हणाला तर वाद घालू नकोस. तो रोज शेकडो फटके बघतो.

ग्रिपबद्दल थोडक्यात. पावसाळाभर बॅग गाडीच्या डिकीत होती ना? ग्रिप गुळगुळीत झाल्या असणार. गुळगुळीत ग्रिप माणूस घट्ट धरतो, घट्ट धरली की मनगटं आखडतात आणि फेस बंद होत नाही. परत स्लाइस! भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घास, कोरड्या कर. तरी सटकत असतील तर बदल. नव्या ड्रायव्हरच्या किमतीच्या एका छोट्या हिश्श्यात सगळ्या बदलून होतात. मापाची खूण अशी: डाव्या हाताने धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक, पोहोचत नसतील तर जाड. कातडी हातमोजा ओला झाला तर उन्हात टाकू नकोस, पापड होतो. पसरून सावलीत वाळव. आणि ‘मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात’ मिळणाऱ्या नामांकित क्लबांच्या वाटेला जाऊ नकोस. असे अनेकदा नकली निघतात.

चेंडूंचं म्हणशील तर मैदानावर सापडलेले निरनिराळे चेंडू गोळा करून खेळणं बंद कर. ड्रायव्हरला फारसा फरक पडत नाही, पण ग्रीनजवळ पडतो: युरेथेनच्या आवरणाचा चेंडू वेजवर जास्त फिरकी घेतो, कडक आवरणाचा पुढे घरंगळतो. एका भोकावर एक, पुढच्यावर दुसरा, मग पटरला शिव्या. कुठलाही एक प्रकार निवड, स्वस्तातला निवडलास तरी चालेल.

लोक तुला अदिती अशोकचं उदाहरण देतील. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, आणि अंतरात ती बरोबरच्या अनेकींपेक्षा मागे होती. तिचं बळ ग्रीनवर. खरं आहे. पण त्यावरून ‘फक्त पटिंग कर’ हा उपदेश माझ्याकडून नको घेऊस. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी लाखो फटक्यांची मोजदाद केली. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांबाहेरच्या फटक्यांत निघाला. तुझ्या बाबतीत मला वाटतं ड्रायव्हरने हरवलेले चेंडू आणि मातीत गेलेल्या आयर्न हाच मुख्य खर्च आहे. अर्थात हेही अंदाजानेच. पुढच्या तीन फेऱ्यांत स्कोअरकार्डाच्या मागे प्रत्येक भोकासाठी चारच खुणा कर: चेंडू हरवला, जमिनीत मारला, बंकरमध्ये अडकला, ग्रीनवर पटरचे तीन फटके लागले. बाकी काही लिहू नकोस. वैतागून शेरे तर मुळीच नकोत, मला ते वाचून हसू येतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी खारघरला येतो. ताईच्या हातचं थालीपीठ डब्यात दिलंस तर सकाळी सहाला ऐरोलीच्या पुलापाशी उभा राहीन. येताना फोटो, तीन फेऱ्यांची कार्डं आणि दाजींची पाच, सात आण. ग्रिपची टेप आणि तिचा गोंद ओला करायचं द्रव्य माझ्याकडे आहे. दोन क्लबांच्या ग्रिप तिथेच पार्किंगमध्ये बदलून बघू, बाकीच्या तू घरी करशील. ड्रायव्हरचा निर्णय त्यानंतर. दुकानदाराचा सवलतीचा मेसेज ‘फक्त या आठवड्यापुरता’ असेल, तरी तो पुढच्या आठवड्यातही येतो.

तुझा,
मामा