नागसेनांचा रथ आणि महाविद्यालयाचा वर्ग

‘मिलिंद प्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भदन्त नागसेनांपुढे शंका मांडतो. भदन्त त्याला आधी विचारतात, आपण कशाने आलात? राजा रथाने आलेला असतो. मग चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे विचारीत ‘मी’ म्हणजे काय हे ते उलगडतात. शिकणारा ज्यातून आला, तेथूनच धडा सुरू झाला.

औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. घरी मराठी, उस्मानिया विद्यापीठात उर्दू आणि पुढे इंग्रजी पुस्तके! अशा खेड्यातील मुलाला नुसती व्याख्याने देऊन काय उपयोग? त्याला आधी निवारा हवा. म्हणून नागसेनवनात वसतिगृहेही उभी राहिली. आजही पुष्कळ प्राध्यापक मुलगा गप्प बसला की त्याला मठ्ठ ठरवितात. तो कोणत्या भाषेतून आला, हे विचारीत नाहीत.

सोसायटीचे मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. तेथे वर्ग सकाळी भरत, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांना पुढे नोकरीवर जायचे असे.