पणजोबांचा गॉगल : पाचवीच्या वर्गात जुन्या वस्तूची ओळखपरेड



इतिहासाची साधने शिकवताना आपण फळ्यावर तीन शब्द लिहितो. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, विसरतात. म्हणून यंदा मी सांगितलं, "घरातली एखादी जुनी वस्तू आणा, पण घरच्यांना विचारूनच." तांब्या आला, अडकित्ता आला, पायली आली. आणि एका मुलाने पत्र्याच्या डबीत ठेवलेला गॉगल आणला. "मॅडम, हा माझ्या पणजोबांचा. ते इंजिनावर फायरमन होते. इंग्रजांच्या काळातला आहे."

इगतपुरीत ही गोष्ट सहज पटण्यासारखी. आमचं गावच रेल्वेचं. थळ घाट चढून गाडी वर येते ती इथे. मुंबईकडून विजेची इंजिनं इगतपुरीपर्यंत १९३० मध्ये आली, पण पुढे भुसावळच्या दिशेने नंतरही बरीच वर्षं कोळशाचीच इंजिनं धावत होती. इंजिनावरच्या माणसाच्या डोळ्यांत धूर, वारा आणि कोळशाचे कण जायचे. त्यामुळे फायरमनकडे गॉगल असणं यात नवल नाही. मलाही ते लगेच खरं वाटलं, हे कबूल करते.

पण साधनं शिकवायची तर पुरावा तपासायला हवा. मी टेबलावर तीन गॉगल मांडले. एक त्या मुलाचा. दुसरा जत्रेत घेतलेला माझ्या भाच्याचा. तिसरा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळतो तो काळा, बाजूंनी झाकलेला. (हा तिसरा आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात कुठेतरी खुंटीला असतोच. मुलं सर्वांत आधी ओळखतात तो हाच.) सोबत भिंग, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर आणि नोटा तपासायचा निळा दिवा. हा दिवा शेजारच्या दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणला.

सुरुवात मी शब्दांपासून केली. 'जुना' आणि 'जुन्या धाटणीचा' यात फरक काय? एक मुलगी म्हणाली, "नऊवारी आजी नेसते ती जुनी, आणि गॅदरिंगला आम्ही नेसतो ती जुन्या धाटणीची." यापेक्षा चांगली व्याख्या मला करता आली नसती. बाजारात जे 'व्हिंटेज' म्हणून विकतात, त्यातलं बहुतेक गॅदरिंगची नऊवारी असते. त्यात वाईट काही नाही, फक्त विकणाऱ्याने ते आजीचं आहे असं सांगू नये.

आकारावरून काळ ठरवायला जाल तर फसाल. थेंबाच्या आकाराचा पायलटचा गॉगल बॉश अँड लोम्ब या अमेरिकन कंपनीने रेबॅन नावाने १९३७ मध्ये बाजारात आणला. वरून रुंद, जाड प्लॅस्टिकचा वेफेरर १९५० च्या दशकातला. मांजरीच्या डोळ्यासारखी टोकं असलेली बायकांची फ्रेम त्याच सुमाराला गाजली. पण हे सगळे आकार आजही नव्याने बनतात. म्हणजे आकार फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो, 'त्या काळचाच आहे' असं सांगत नाही. मुलांना हा मुद्दा पटायला वेळ लागला. मोठ्यांनाही लागतो.

मग काच. खरी काच गालाला लावली की थंड लागते आणि नखाने वाजवली की टणक आवाज येतो. प्लॅस्टिकची काच तेवढी गार लागत नाही, आवाज बोथट येतो, वजनही कमी. पणजोबांच्या गॉगलला हिरवी, खरी काच होती. वर्गात एकदम उत्साह. मी सांगितलं, थांबा, काचेचे गॉगल आजही मिळतात.

मग काडीच्या आतली बाजू. इथे भिंग हातोहात फिरलं, आणि या पाठातला सर्वांत चांगला भाग हाच. काडीवर किंवा नाकावरच्या दांडीवर बारीक आकडे असतात. जत्रेतल्या गॉगलवर एका मुलाने वाचलं, "अठ्ठावन्न हजार चौदा!" खरं तर तो ५८, मग छोटा चौकोन, मग १४. चौकोन शून्यासारखा दिसतो म्हणून भलेभले फसतात. ५८ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि १४ म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर. मोजपट्टी लावून पाहिलं तर काच ५८ भरली. नाकाजवळ १६ भरलं. गणिताच्या तासाला हे प्रत्येकाने घरच्या चष्म्यावर करून बघितलं. पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी उदाहरणांपेक्षा ते लक्षात राहिलं.

जुन्या अमेरिकन सोनेरी फ्रेमवर कधी कधी १/१० आणि १२ के, जी एफ असं कोरलेलं असतं. पाचवीसाठी हा सोन्यासारखाच मजकूर आहे. अर्थ असा की, फ्रेमच्या धातूच्या वजनाचा दहावा भाग १२ कॅरेटच्या सोन्याचा. २४ कॅरेट म्हणजे शुद्ध, मग १२ कॅरेट म्हणजे अर्धं. दहाव्याचं अर्धं म्हणजे एक-विसांश शुद्ध सोनं. अपूर्णांकांचा गुणाकार कशाला शिकायचा, या प्रश्नाचं माझ्याकडे आता उत्तर आहे.

रेबॅनबद्दल पालक विचारतात म्हणून थोडक्यात. १९९९ मध्ये हा ब्रँड इटलीच्या लक्सॉटिका कंपनीकडे गेला. त्याआधीच्या काचेच्या कडेला बी आणि एल ही अगदी बारीक अक्षरं कोरलेली असत, नंतरच्यांवर आर आणि बी. तेव्हा कोणी 'मेड इन इटली' लिहिलेला रेबॅन सत्तर सालचा म्हणून देऊ लागला, तर नमस्कार करून पुढे जावं. अर्थात नकली माल करणारेही अक्षरं कोरतातच. त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नये. बिजागरी, स्क्रू, काडीवरची छपाई आणि डबी, हे सगळं एकमेकांना धरून आहे का ते बघावं.

आता त्या गॉगलकडे येते. भिंग घेतलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे सी आणि ई असं लिहिलंय." मी भिंग घेतलं. खरंच होतं. ही खूण युरोपात विकायच्या मालावर लागते आणि ती १९९० च्या दशकात वापरात आली. म्हणजे हा गॉगल इंग्रजांच्या काळातला असूच शकत नाही.

वर्ग शांत झाला. तो मुलगा काही बोलला नाही, डबी बंद करून मांडीवर घेऊन बसला. मला वाटलं, पुरावा शिकवायच्या नादात मी एका पोराचा पणजोबा हिरावून घेतला. खरं सांगायला हवं होतं, पण ते चाळीस मुलांसमोर सांगायला हवं होतं का? आधी मी एकटीने गॉगल तपासला असता तर त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. कोणी हा पाठ घेणार असेल तर ही चूक करू नका. वस्तू आदल्या दिवशी मागवा आणि स्वतः नीट बघून घ्या.

मधल्या सुट्टीनंतर मी त्याला म्हटलं, "डबी दाखव बरं." डबीकडे आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं. झाकणाच्या आत चष्म्याच्या दुकानाचं नाव होतं. पत्ता काळबादेवी रोड, बॉम्बे २. फोन नंबर सहा आकडी.

इथे पुन्हा वर्ग जागा झाला. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. आमच्या इगतपुरीचा ४२२४०३ मुलांना पाठ असतो. मुंबईत त्याआधी विभागांचे साधे क्रमांक होते, आणि तेच पुढे पिनकोडच्या शेवटी आले. म्हणून काळबादेवी 'बॉम्बे २' ची ४०० ००२ झाली. मुंबईचा लँडलाइन नंबर आता आठ आकडी असतो, हा तर सहाच आकडी. म्हणजे डबी बहुतेक १९७२ च्या आधीची. 'बहुतेक' अशासाठी की दुकानदार छापलेल्या जुन्या डब्या संपेपर्यंत वापरतातच.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी स्वतः शाळेत आली. मौखिक साधन चालत आलं म्हणा ना! पणजोबांचा गॉगल गाडीवर असतानाच फुटला होता, डबी तेवढी राहिली. आजोबा रिटायर झाल्यावर त्यांनी मुंबईहून नवा गॉगल आणला आणि वडिलांच्या डबीत ठेवला. पुढे घरात डबी आणि गॉगल दोन्ही 'पणजोबांचे' झाले.

बाजारातही हेच होतं. डबी जुनी, गॉगल नवा. कधी उलटं. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा नाशिकला भद्रकालीत जुना गॉगल शोधायला गेलात, तर डबी पाहून भाळू नका. घरचा पेटारा आणि चष्म्याच्या जुन्या दुकानात मागे पडून राहिलेला माल, ही शोधायची जास्त भरवशाची ठिकाणं. आणि वस्तूसोबतची गोष्ट लिहून ठेवा. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला महात्मा गांधींचा म्हणून एक गोल चष्मा लिलावात २ लाख ६० हजार पौंडांना गेला. तो लिलाववाल्यांच्या टपालपेटीत साध्या लिफाफ्यात सापडला होता. त्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली हकिकत सोबत नसती, तर त्याला कोणी विचारलंही नसतं.

आता पालकांसाठी महत्त्वाचं. खरं तर हे मी पाठाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. मधल्या सुट्टीत दोन मुलं तो हिरवा गॉगल लावून थेट सूर्याकडे बघताना मला दिसली. धावत जाऊन काढून घेतला. चांगला गडद गॉगलसुद्धा १०० पैकी साधारण ८ ते १८ भाग प्रकाश आत सोडतो. ग्रहण बघायच्या प्रमाणित चष्म्यातून लाखात जेमतेम ३ भाग येतो. कुठलाही गॉगल, नवा, जुना, दोन एकावर एक घातलेले, सूर्याकडे बघायला चालत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी इगतपुरीत सूर्य दिसला तरच नवल, पण तुमच्या गावात ऊन असू शकतं.

दुसरं म्हणजे, गडद म्हणजे सुरक्षित नव्हे. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त आत जातात. मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे त्यांना जपायला हवं. आम्ही तो निळा दिवा यासाठी वापरला. पाचशेच्या नोटेवरचे आकडे अतिनील प्रकाशात चमकतात. दिवा आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरायची. चमक गेली तर काच किरण अडवते. नोटेकडे बघायचं ते काचेतून नाही, बाजूने. दिवा शिक्षकाच्याच हातात राहील आणि कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही. जत्रेतल्या गॉगलमागे आकडे अंधूक का होईना, चमकत राहिले. मोतीबिंदूवाल्यामागे विझले. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात यंत्रावर तपासून मिळतं.

कॅल्क्युलेटरचा खेळ वेगळा. त्याच्या पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवायचा. पडदा एका ठिकाणी काळाभोर झाला तर काच पोलराइज्ड. पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी ती कमी करते. पण पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात त्या एकच असल्यासारख्या सांगतात.

आणि जुना गॉगल मुलांना खेळायला देऊ नका. जुनी काच फुटली तर धारदार तुकडे होतात. फार जुन्या फ्रेम सेल्युलॉइडच्या असू शकतात, त्या झटकन पेट घेतात. फ्रेमला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर प्लॅस्टिक खराब होऊ लागलंय असं समजावं. मुलांसाठी न फुटणारी काच, यूव्ही ४०० ची खूण आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी. यातलं एकच परवडत असेल तर टोपी घ्या.

जाता जाता २०२३ च्या पावसाळ्याची आठवण. राज्यभर डोळ्यांची साथ होती आणि अर्धा वर्ग गॉगल लावून बसलेला. "बघितलं की डोळे येतात" ही समजूत तेव्हा मी खोडून काढली होती. साथ पसरते ती हाताने आणि टॉवेलने. गॉगलने फक्त उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो.

शेवटी त्या मुलाने वहीत काय नोंद केली ते देते. शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं आहे.

"गॉगल : १९९० नंतरचा, नक्की. आजोबांचा. डबी : १९७२ च्या आधीची, बहुतेक. पणजोबांची. पुरावा : पत्ता, फोन नंबर आणि आजी."