वाचताना अडखळणारे मूल : आधी डोळे तपासा

तोंडी विचारले तर पटापट उत्तरे देणारे मूल पुस्तक उघडले की अडखळते. ओळ सुटते, ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. मग घरी ओरडा आणि वर्गात ‘ढ’ हा शिक्का. हा शिक्का मारण्यापूर्वी डोळे तपासावेत.

‘मला दिसत नाही’ अशी तक्रार लहान मूल सहसा करीत नाही. आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसते, असे त्याला वाटते. म्हणून पालकांनी पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

१) पुस्तक नाकाजवळ धरणे, मान तिरकी करणे
२) एक डोळा मिटून वाचणे
३) वाचताना डोके दुखणे, अक्षरे दोन-दोन दिसणे
४) फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे

घरी एक चाचणी करावी. एकेक डोळा तळहाताने झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगावेत. एक डोळा अधू असला तरी दुसऱ्याच्या जोरावर काम भागते व दोष लपून राहतो. अशा ‘आळशी’ डोळ्यावर सात वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण चांगला येतो.

शाळेत ६ मीटरवरचा तक्ता वाचला म्हणजे सारे ठीक, असेही नाही. त्यातून फक्त लांबची नजर कळते. वाचन जवळून होते. काही मुलांना जवळचे पाहताना जास्त ताण पडतो, तर काहींचे दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र टिकत नाहीत. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांत औषध घालून तपासणी करून घ्यावी.

डोळे निर्दोष असूनही वाचन सुधारत नसेल, तर ‘डिसलेक्सिया’चा विचार करावा. यात मुख्य अडचण डोळ्यांत नसून, अक्षर व त्याचा उच्चार यांची सांगड घालण्यात असते. बुद्धी मात्र कमी नसते. रंगीत काचांचे चष्मे वा डोळ्यांचे व्यायाम यांनी हा दोष जात नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. उच्चारासह अक्षरे शिकवण्याचा नियमित सराव हाच उपाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात राहू देऊ नका.