विधेयकांची वही



2023 च्या उन्हाळ्यात मंडळीच्या वाचनालयातील जुनी वर्तमानपत्रे आवरताना एका जाहिरातीपाशी माझा हात थांबला. वनसंरक्षण कायद्यात बदल करणाऱ्या विधेयकावर संसदेच्या संयुक्त समितीने नागरिकांकडून लेखी सूचना मागवल्या होत्या. मुदत उलटून गेली होती. ज्या पाड्यांवर आपण वर्षानुवर्षे औषधे आणि पुस्तके घेऊन जातो, त्यांच्या रानाशी संबंधित असा तो कागद होता, आणि मी चार ओळीही लिहून पाठवल्या नव्हत्या. त्या दिवसापासून मी विधेयकांची एक वही ठेवतो. ती कशी ठेवावी, हा या अंकाचा पाठ.

विधेयक म्हणजे अजून कायदा नव्हे

13 डिसेंबर 2005 रोजी वनहक्कांचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्यात जमीन 25 ऑक्टोबर 1980 पूर्वीपासून ताब्यात असण्याची अट होती. हक्क फक्त अनुसूचित जमातींना होता आणि एका कुटुंबाला मर्यादा अडीच हेक्टरची होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. संघटनांनी आपले म्हणणे मांडले आणि समितीने मोठे बदल सुचवले. डिसेंबर 2006 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात तारीख 13 डिसेंबर 2005 झाली, मर्यादा चार हेक्टर झाली आणि तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनात राहिलेल्या इतर पारंपरिक वननिवासींचाही समावेश झाला.

एका तारखेने काय होते? सातपुड्यातील आमच्या ओळखीचे एक काका 1988 पासून रानातला एक तुकडा कसतात. पहिला मसुदा तसाच मंजूर झाला असता, तर ते कायमचे अतिक्रमणदार ठरले असते. तारीख बदलली म्हणून त्यांना ग्रामसभेपुढे दावा मांडता आला.

उद्योगांचेही तसेच. वनखाते बांबूला झाड मानत असे आणि कागद कारखान्यांना तो ठेक्याने मिळत असे. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज ठरला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीचे परवाने आले. कच्चा माल कोणी विकायचा, हे व्याख्येच्या एका ओळीने बदलले.

वहीतले चार रकाने

1. मसुदा. मंत्रालयाने मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्राचे 2014 चे धोरण सांगते. हे धोरण आहे, कायद्याची सक्ती नाही. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

2. मांडणी. विधेयकाचा क्रमांक, मंत्रालय आणि तारीख टिपावी. शेवटी जोडलेले 'उद्देश व कारणे' यांचे निवेदन आधी वाचावे, मग व्याख्यांचे कलम. आपल्या माणसांवर परिणाम करणारा शब्द बहुधा तिथेच असतो.

3. समिती. हा सर्वांत महत्त्वाचा रकाना. समितीकडे पाठवलेल्या विधेयकावर सूचना मागवल्या जातात, पण मुदत पुष्कळदा पंधरा दिवसांचीच असते. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत मागतात. म्हणून पाड्यावरचे म्हणणे मराठीत उतरवून घेणारा एक आणि त्याचे भाषांतर करणारा एक, अशी दोन माणसे आधीच ठरवून ठेवावीत.

4. मंजुरी आणि पुढे. दोन्ही सभागृहे, राष्ट्रपतींची संमती, अंमलाची तारीख आणि नियम, अशा चार नोंदी कराव्यात. वनहक्क कायदा 2006 मध्ये मंजूर झाला, पण अंमलात आला 31 डिसेंबर 2007 रोजी. नियम आल्याशिवाय दाव्याचा अर्जही भरता येत नाही. आणखी एक नोंद: लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके रद्द होतात, पुन्हा आली तर पहिल्यापासून वाचावी लागतात.

मागे राहिलेली गोष्ट

ज्या विधेयकावर मी लिहिले नाही, त्याचे पुढे काय झाले? समितीने एकही बदल सुचवला नाही. काही सदस्यांनी मात्र भिन्न मते नोंदवली. 26 जुलै 2023 रोजी लोकसभेने आणि 2 ऑगस्टला राज्यसभेने ते मंजूर केले. 1 डिसेंबर 2023 पासून ते अंमलात आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की 'वन' या शब्दाचा 1996 च्या निकालातील व्यापक अर्थच तूर्त पाळावा.

माझ्या चार ओळींनी विधेयक बदलले असते, असे मी म्हणत नाही. पण 2006 मध्ये ज्यांनी लिहिले, त्यांच्यामुळे काकांना दावा मांडता आला, हे मी पाहिले आहे. समितीपुढे पोहोचलेले निवेदन निदान वाचले तरी जाते. न पाठवलेले कोण वाचणार?

गटचर्चेसाठी

- आपल्या भागातील कोणत्या कामांना वनजमीन लागणार आहे? त्यांच्याशी संबंधित कायदे कोणते?
- संसदेच्या अधिवेशनकाळात आठवड्यातून एकदा वही भरण्याचे काम आपल्यापैकी कोण घेईल?
- पाड्यावर जाऊन ऐकण्याआधी आपण त्यांच्या वतीने काही लिहावे का?

शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. आधी ऐकावे, मग लिहावे. पण मुदत संपण्याआधी.